विजेची करवत आणि मालकाची जबाबदारी

माघ सरूं लागला कीं मुरबाड-शहापूरच्या आमच्या भागांत राबाची तयारी सुरू होते. भाताचें रोप टाकावयाची जागा भाजण्यासाठीं ऐन, किंजळ वगैरे झाडांचा टाहळ उतरवावा लागतो. बांधावरच्या आंब्याजांभळांच्या वाळलेल्या फांद्या काढाव्या लागतात. पावसाळ्याचें सरपण फोडून पडवींत रचावें लागतें. या सगळ्या कामांचा आवाज म्हणजे आजवर कोयत्याचा आणि कुऱ्हाडीचा आवाज. गेल्या कांहीं वर्षांत त्यांत एका नव्या आवाजाची भर पडली आहे. विजेवर चालणारी साखळीची करवत, जिला आमच्याकडे कोणी 'कटर' म्हणतात तर कोणी 'चेनसॉ', ती आतां धसईच्या आसपास घरोघर पडवींत टांगलेली दिसूं लागली आहे. या यंत्राविषयीं, आणि त्याहून अधिक तें विकत घेणाऱ्या आपणां जमीनधारकांविषयीं, चार शब्द लिहावे असें बरेच दिवस मनांत होतें.

प्रथमच सांगून टाकतों कीं मी यंत्राचा द्वेष्टा नाहीं. माझ्या घरीं ही करवत आहे आणि ती मीं विकलेली नाहीं. आमच्याकडील तरुण मुलें मुरबाडच्या कारखान्यांत पाळीवर जातात. झाडावर चढणारा जाणता माणूस आतां चार दिवस आधीं सांगूनहि मिळत नाहीं. ज्या बुंध्यावर दोन माणसें अर्धा दिवस कुऱ्हाड चालवीत, तो ही करवत घटकाभरांत कापून देते. पेट्रोलच्या करवतीपेक्षां विजेची वजनाला हलकी, धूर नाहीं, दोरी ओढून सुरू करण्याची यातायात नाहीं. असें साधन शेतकऱ्यानें घेऊं नये असें कोण म्हणेल? शिवाय नव्या साधनाला धसई कधीं भ्याली नाहीं. १ डिसेंबर २०१६ रोजीं राज्यांतील पहिलें रोकडरहित गांव म्हणून आमच्या गांवाचें नांव झालें आणि किराणा दुकानांतहि कार्ड घासण्याचें यंत्र आलें. त्या यंत्रावर बोट चुकीचें पडलें तर फार तर पैशांचा घोटाळा होई, आणि तो दुसऱ्या दिवशीं निस्तरतां येई. या यंत्रावरील चूक निस्तरतां येत नाहीं. एवढा फरक आपण खरेदीच्या वेळीं ध्यानांत घेतला पाहिजे, आणि तोच आपण घेत नाहीं, अशी माझी तक्रार आहे. ही तक्रार मी सर्वांत आधीं स्वतःविरुद्ध करीत आहें.

तीन वर्षांपूर्वींची गोष्ट. विहिरीजवळच्या जुन्या आंब्याची एक वाळलेली फांदी काढावयाची होती. जमिनीपासून दहा-बारा फुटांवर असेल. मीं नवी करवत आणली होती. दुकानदाराच्या सांगण्यावरून एक जादा साखळी आणि तेलाची बाटली घेतली होती. डोकीला, डोळ्यांना, हातापायांना संरक्षण म्हणून मात्र कांहीं घेतलें नव्हतें, कारण दुकानदारानें विचारलें नाहीं आणि मलाहि सुचलें नाहीं. यंत्राबरोबर आलेली पुस्तिका मीं उघडलीहि नव्हती. वर्षानुवर्षें आमच्या शेतावर येणारा एक गडी, कोयत्याच्या कामांत ज्याचा हात धरणारा पंचक्रोशींत मिळाला नसता असा, त्याच्या हातांत मीं तें यंत्र दिलें, खटका कसा दाबावयाचा तें दाखविलें, आणि शिडी लावून दिली. त्यानें डाव्या हातानें वरची फांदी धरली आणि उजव्या हातानें करवत चालविली. कोयता तो असाच चालवीत असे. फांदी अर्धी कापली गेली असेल, तोंच करवतीचें टोंक मागच्या एका खुंटाला लागलें. पुढें काय झालें तें आम्हांपैकीं कोणासहि नीट सांगतां येत नाहीं, इतकें तें झटक्यांत झालें. करवत उसळली आणि त्याच्या डाव्या हातावर, कोपराच्या खालीं, आली. शिडी, करवत आणि माणूस एकदमच खालीं आलीं.

उपरणें घट्ट बांधून, शेजाऱ्याच्या गाडींत घालून त्याला रुग्णालयांत नेलें. तो वांचला. हात राहिला; पण डाव्या हाताचीं दोन बोटें आतां मिटत नाहींत. भाताचा मूठभर आवा त्याला धरतां येत नाहीं, झाडावर तर तो चढतच नाहीं. रुग्णालयांत कसें झालें म्हणून विचारलें तेव्हां तोच म्हणाला, "दादांची चूक नाहीं, माझाच हात घसरला." मी तेथें उभा होतों आणि गप्प राहिलों. घरीं आल्यावर ती पुस्तिका उघडली. तिसऱ्याच पानावर शिडीवर उभ्या असलेल्या माणसाचें चित्र होतें आणि त्यावर मोठी फुली मारलेली होती. अक्षर न वाचणाऱ्यालाहि समजावें म्हणून काढलेलें तें चित्र, अक्षर वाचणाऱ्या मालकानें पाहिलें नव्हतें. त्याचा हात घसरला नव्हता. चूक माझी होती, आणि ती यंत्र चालविण्यांतील नव्हती, यंत्र देण्यांतील होती.

तेव्हांपासून मी या गोष्टीचा विचार करतों आहें. माझें मत असें बनलें आहे कीं, कोयता आणि ही करवत यांस आपण एकाच जातीचीं हत्यारें समजतों, येथेंच घात होतो. कोयता हळूहळू शिकवितो. मूल आठ-दहा वर्षांचें असतांना बापाबरोबर वरकसावर जातें, आधीं टाहळ ओढतें, मग बारीक फांटे तोडतें, आणि चढूं लागेपर्यंत त्याच्या हाताला धारेची ओळख पटलेली असते. कोयत्याचा प्रत्येक घाव माणसाच्या स्वतःच्या बळाचा असतो. हात थांबला कीं कोयता थांबतो. करवतीचें तसें नाहीं. तिचें बळ तारेंतून किंवा बॅटरींतून येतें. साध्या विजेच्या करवतीची साखळी सेकंदाला सुमारें दहा ते पंधरा मीटर धांवते, आणि खटका सोडल्यावरहि कांहीं यंत्रांत ती क्षणभर फिरत राहते. जो गडी कोयत्यांत अत्यंत तरबेज, त्यालाच या यंत्राचा धोका अधिक. कारण त्याच्या अंगीं मुरलेली प्रत्येक संवय, एका हातानें मारणें, दुसऱ्या हातानें फांदी धरणें, झाडाला बिलगून उभें राहणें, या यंत्रापुढें उलटी पडते. आमच्या गांवांत कोणाच्याहि बापानें ही करवत चालविलेली नाहीं. ही विद्या घरांत नाहीं. ती बाहेरून शिकून घ्यावी लागेल, आणि शिकविण्याची जबाबदारी यंत्र आणणाऱ्याची आहे.

मालकाला निदान एवढें तरी कळलें पाहिजे कीं करवत उसळते कशी. लोखंडी पट्टीभोंवतीं दातांची साखळी फिरत असते. पट्टीच्या वरच्या अंगानें ती पुढें जाते, टोंकाशीं वळते आणि खालच्या अंगानें मागें येते. खालच्या अंगानें कापतांना यंत्र लांकडाकडे ओढलें जातें. वरच्या अंगानें कापतांना तें आपल्या अंगावर ढकललें जातें. या दोन्ही गोष्टी संवयीनें आवरतां येतात. परंतु पट्टीच्या टोंकाचा वरचा भाग लांकडाला लागला, तर तेथें वळत असलेला दांत लांकडांत रुततो, आणि जें बळ लांकूड कापण्यांत जावयाचें तें सगळें पट्टीला वर आणि मागें, चालविणाऱ्याच्या तोंडाकडे, फेंकण्यांत जातें. पापणी लवण्याच्या आंत हें घडतें. कोणाचीहि चपळाई तेथें उपयोगी पडत नाहीं. म्हणून करवतीच्या पुढच्या मुठीपुढें एक ढाल बसविलेली असते. यंत्र उसळलें कीं डाव्या हाताचें मनगट त्या ढालीवर आपटतें, आणि साखळीचा ब्रेक लागतो. कांहीं यंत्रांत नुसत्या धक्क्यानेंहि ब्रेक लागतो. परंतु डावा हात पुढच्या मुठीवर अंगठा वळवून घट्ट नसेल तर यंत्राची उसळी दाबून धरणार कोण? माझ्या गड्याचा डावा हात फांदीवर होता. बाजारांत अलीकडे एका हातांत मावणाऱ्या, बॅटरीवरच्या लहान करवती मिळतात. त्यांतील पुष्कळांना असा ब्रेक नसतोच. लहान म्हणून त्या निरुपद्रवी, असें समजणें म्हणजे फुरसें लहान म्हणून उशाला घेण्यासारखें आहे.

हें यंत्र आजचें नाहीं. जर्मनींत आंद्रेआस श्टील यानें १९२६ सालीं विजेवर चालणारी साखळीची करवत काढली. ती इतकी जड होती कीं दोन माणसांनीं धरून चालवावी लागे. साखळीच्या आजच्या दातांची घडण अमेरिकेंतील जोसेफ कॉक्स या लांकूडतोड्यानें काढली. लांकूड पोखरणाऱ्या भुंग्याची अळी डावीकडे-उजवीकडे जबडा चालवीत पुढें कशी सरकते तें पाहून त्याला ती कल्पना सुचली, आणि १९४७ सालीं त्यानें अशा साखळ्या करण्याचा कारखाना काढला. आमच्या आंब्याचा खोडकिडाहि त्याच धंद्यांतला. जवळजवळ शंभर वर्षें जगांतील लोक हें यंत्र वापरीत आहेत, आणि त्या शंभर वर्षांत माणसें जायबंदी होऊन होऊनच ब्रेक, ढाल, जाळीचा मुखवटा, पायांचें कवच हीं एकेक करून तयार झालीं आहेत. आपण बाजारांतून यंत्र आणतों आणि त्यामागचा शंभर वर्षांचा अनुभव दुकानांतच ठेवून येतों.

आतां वीज. पेट्रोलचें यंत्र निदान भडभडत राहून आपण सुरू असल्याचें सांगतें; विजेचें यंत्र मुकाट असतें, आणि बोट लागतांच पूर्ण वेगानें सुरू होतें. म्हणून साखळी ताणतांना, धार लावतांना, अडकलेला ढलपा काढतांना, किंवा यंत्र हातांत घेऊन चार पावलें चालतांनासुद्धां आधीं तार काढावी, बॅटरीचें असल्यास बॅटरी काढून खिशांत ठेवावी. तारेच्या यंत्राचें दुसरें दुखणें आपण सर्व जाणतों. विहिरीवरच्या पंपाच्या पेटींतून वीज घ्यावयाची, दोन-तीन जुन्या तारांचे तुकडे पिळून त्यांवर चिकटपट्टी गुंडाळावयाची, आणि ती तार दंवानें भिजलेल्या गवतांतून ओढीत न्यावयाची, हा प्रकार आमच्या भागांत सर्रास चालतो. तार अखंड, जाड आणि बाहेरच्या वापराची असावी. ती कापणाऱ्याच्या पाठीमागून यावी. आणि विजेची गळती होतांच प्रवाह तोडणारा तीस मिलिअँपिअरचा स्विच मध्यें असल्याखेरीज तारेची करवत शेतांत नेऊं नये. पाऊस, दंव, ओला चिखल असतांना ती मुळींच नेऊं नये. विजेच्या खांबावरील तारांना टेकलेल्या किंवा तुटून त्यांवर पडेल अशा फांदीला तर कोणत्याहि हत्यारानें हात लावूं नये. ओलें लांकूड वीज वाहून आणतें. लाईनमनला सांगून, प्रवाह बंद झाल्याची खात्री करून, त्याच्या समक्षच तें काम करावें.

या सगळ्या विचारांतून मीं माझ्या शेतापुरता एक नियम केला आहे: करवत खालीं, कोयता वर. झाडावर किंवा शिडीवर ही करवत चढवावयाची नाहीं. खांद्याच्या वर ती उचलावयाची नाहीं. उंचावरची फांदी कोयत्यानें, हाताच्या करवतीनें, किंवा लांब दांड्याच्या हातकरवतीनें जमिनीवरूनच काढावयाची, आणि खालीं पडल्यावर तिचे तुकडे विजेच्या करवतीनें करावयाचे. परदेशांत दोरखंडांनीं स्वतःला बांधून, दीर्घ शिक्षण घेऊन झाडावर करवत चालविणारे लोक आहेत. तो त्यांचा पेशा आहे. आपल्याकडे तें शिक्षण नाहीं, तो दोरखंड नाहीं. ज्या फांदीला या नियमानें हात लावतां येत नाहीं, ती फांदी राहूं द्यावी, किंवा त्या कामांतला खरा जाणता मनुष्य येईपर्यंत थांबावें. संबंध उभें झाड पाडण्याचें कामहि मी याच सदरांत घालतों.

छातीइतक्या उंचीवरील फांदी जमिनीवर उभें राहून कापतां येते. पण तेथेंहि एक रीत आहे. एकाच घावांत वरून कापूं गेलें तर फांदी अर्ध्यावर मोडते, सालीची लांब पट्टी खोडावरून सोलून नेते, आणि करवत तींत चिमटली जाते. म्हणून खोडापासून हातभर अंतरावर आधीं खालच्या अंगानें फांदीच्या जाडीच्या चौथाई इतकी खांच घ्यावी. मग त्याच्या किंचित् पुढें वरून कापून फांदीचा भार उतरवावा. शेवटीं उरलेला खुंट, फांदी खोडाला मिळते तेथें सालीची जी फुगीर कडी असते ती शाबूत ठेवून, तिच्या लगत कापावा. ती कडी कापली तर जखम भरून येत नाहीं, आणि लांब खुंट ठेवला तर तो कुजून खोडांत पोकळी शिरते. आंब्याच्या कापावर लगेच बोर्डो मलम लावावें, नाहींतर वर सांगितलेला खोडकिडा तीच जागा धरतो. जमिनीवर पडलेली फांदी वांकून ताणलेली असेल तर ती कापतांच धनुष्यासारखी सुटते. ती कोणत्या अंगाला सुटेल तें पाहून त्याच्या उलट अंगाला उभें राहावें. पट्टीचें टोंक नेहमीं नजरेंत असावें. दुसऱ्या फांद्यांच्या गुंत्यांत तें कधींहि शिरूं देऊं नये.

राबाच्या टाहळासाठीं तर ही करवत मुळींच वापरूं नये असें माझें स्पष्ट मत आहे, आणि त्याचें कारण केवळ माणसाचा हात हें नाहीं. टाहळ म्हणजे ऐनाच्या कोवळ्या, मनगटाहून बारीक फांद्या. त्या कोयत्यानें छाटल्या कीं झाड पुन्हां फुटतें. म्हणूनच पिढ्यान् पिढ्या छाटलेले ऐन आमच्या वरकसांवर अद्याप उभे आहेत. याच टाहळाच्या हक्कासाठीं आमच्या पूर्वजांनीं सरकारशीं वाद घातला. ठाणें आणि कुलाबा जिल्ह्यांतील लोकांचीं जंगलासंबंधींचीं गाऱ्हाणीं ऐकण्यास मुंबई सरकारला १८८५ सालीं फॉरेस्ट कमिशन नेमावें लागलें, आणि राबाचा प्रश्न त्या गाऱ्हाण्यांत होता. ज्या झाडाचा टाहळ मिळावा म्हणून आजे-पणजे भांडले, तें झाड करवत हातीं आल्यामुळें जाड फांद्यांपासून, कधीं कधीं शेंड्यापासून, उतरविलें जात आहे. कोयता थकतो म्हणून तो झाडाला राखतो. करवत थकत नाहीं. येथें हेंहि आठवण करून देतों कीं १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादींत ऐन, किंजळ, साग, खैर, मोह, आंबा, फणस, जांभूळ हीं झाडें आहेत. आपल्या मालकीच्या जमिनींतलें असलें तरी यांपैकीं झाड तोडण्यास आधीं परवानगी लागते. झाड घटकाभरांत पडतें म्हणून परवानगी नंतर पाहूं, असें म्हणून चालत नाहीं.

आतां आक्षेपांचा विचार करूं. पहिला आक्षेप खर्चाचा. "यंत्र घ्यावयाचें, आणि त्यावर शिरस्त्राण, जाळीचा मुखवटा, डोळ्यांचा चष्मा, हातमोजे, बूट, पायांचें कवच, गळतीचा स्विच, एवढा संसार घ्यावयाचा, तर मग यंत्र परवडलें कोणाला?" हा आक्षेप खरा आहे, आणि त्याचें उत्तरहि सरळ आहे: ज्याला हें सामान परवडत नाहीं, त्याला यंत्र परवडत नाहीं. बैल घेणारा वैरणीची किंमत धरून घेतो. परंतु हीच करवत दहा घरांनीं मिळून घेतली तर सामानासकट ती स्वस्त पडते, कारण वर्षांतून आठ-दहा दिवसांपलीकडे तिचें काम एका घरीं निघत नाहीं. येथें एक सूचना करून ठेवतों. पायांचें जें कवच बाजारांत मिळतें तें बहुधा पेट्रोलच्या करवतीसाठीं केलेलें असतें. त्यांतील लांब धागे साखळींत गुंतून ती थांबवितात. विजेच्या यंत्राची ओढ गुंतागुंत झाली तरी कायम राहते, म्हणून तेंच कवच तिला तितक्याच खात्रीनें थांबवील असें धरूं नये. कवच घ्यावें, विक्रेत्याला स्पष्ट विचारून घ्यावें, आणि तरीहि पाय पट्टीच्या रेषेंतून बाजूलाच ठेवावा.

दुसरा आक्षेप असा कीं मजूर हें सामान अंगावर घालीत नाहींत. उकाडा होतो, लोक हंसतात. होतें असें खरें. मग काम सकाळच्या थंड वेळीं करावें, आणि शिरस्त्राण घातल्याखेरीज करवत खुंटीवरून काढूं देऊं नये. पहिल्या दिवशीं मालकानें स्वतः तें सगळें अंगावर चढवून, सर्वांसमक्ष, दोन लांकडें कापून दाखवावीं. मालकाला हंसण्याची छाती कोणाला होत नाहीं, आणि मालकानें घातलेलें घालण्याची लाज मजुराला वाटत नाहीं. एकट्यानें हें काम कधींहि करूं नये. दुसरा माणूस हांकेच्या अंतरावर, पण फांदीच्या पडझडीबाहेर असावा. त्याच्याजवळ स्वच्छ जाड कापड आणि चालूं असलेला फोन असावा. जखम झालीच तर तें कापड जखमेवर दाबून धरावें, सारखें उघडून पाहूं नये, आणि १०८ क्रमांकावर गाडी मागवावी. आमच्या पाड्यांपासून रुग्णालय जवळ नाहीं. पहिलीं दहा मिनिटें आपल्याच हातीं असतात.

तिसरा आक्षेप कोणी उघड बोलत नाहीं, पण तो मनांत असतो: गड्यानें काम पत्करलें, तेव्हां जोखीमहि त्यानेंच पत्करली. याला मी साफ नकार देतों. मळणीयंत्राची हकीकत आपल्यासमोर आहे. विजेवरचीं मळणीयंत्रें देशांत पसरलीं, त्यांत पेंढी ढकलतांना मजुरांचे हात जाऊं लागले, आणि कितीएक हात गेल्यानंतर १९८३ सालीं धोकादायक यंत्रांचा कायदा झाला; त्यांत यंत्रास संरक्षण बसविण्याची आणि जखमी मजुरास भरपाई देण्याची तजवीज झाली. यंत्र आधीं आलें आणि त्याची ढाल मागून आली. करवतीच्या बाबतींत ढाल आधींच तयार आहे. ती विकत घेण्याचा तेवढा आळस आहे. दुसरें असें कीं, आपणांस अपघात झाला तर २०२३ सालीं सुरू झालेली गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे: मृत्यू आल्यास दोन लाख, एक हात वा पाय निकामी झाल्यास एक लाख रुपये. पण ती सातबाराच्या खातेदाराला आणि त्याच्या कुटुंबांतील एका व्यक्तीला आहे. ज्याच्या हातांत आपण करवत देतों, त्या भूमिहीन गड्याचें नांव कोणत्याच सातबारावर नसतें. ज्याला जमीन आहे त्याला आधार आहे, आणि ज्याचा हात हीच जमीन, त्याला नाहीं.

निदान एक गोष्ट आपण सहज करूं शकतों. २०१५ सालीं निघालेल्या प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेंत अठरा ते सत्तर वयाच्या कोणाहि बँक खातेदाराला वर्षाला वीस रुपयांत अपघाताचा विमा उतरवितां येतो. मृत्यू आल्यास दोन लाख, एक हात, पाय किंवा डोळा पुरता गेल्यास एक लाख. हे वीस रुपये आपल्या प्रत्येक गड्यासाठीं मालकानें भरावे. अर्थात् माझ्या गड्यासारखीं दोन बोटें ताठ झालीं तर त्या विम्यांतून कांहीं मिळत नाहीं. तो भार मीं माझ्याकडे घेतला आहे. त्याचा उल्लेख मोठेपणासाठीं करीत नाहीं, तर यंत्राची खरी किंमत काय पडली हें वाचकांस कळावें म्हणून करतों.

आपल्या मंडळापुढें मी पुढील योजना ठेवूं इच्छितों. मंडळानें ब्रेक असलेली एक चांगली करवत, दोन माणसांपुरतें संरक्षणाचें सामान, अखंड तार आणि गळतीचा स्विच यांसह सभासदांसाठीं घ्यावी. ज्या विक्रेत्याकडून ती घ्यावयाची त्यानें एक संबंध दिवस शेतावर येऊन शिकवावें, अशी अट खरेदीच्या वेळींच घालावी. गांवांतील दोन जाणते तरुण निवडून त्यांना हें काम शिकवावें, त्यांचा विमा उतरवावा, त्यांना नेहमीच्या मजुरीहून अधिक दर द्यावा, आणि यंत्र त्यांच्याखेरीज कोणाच्या हातीं जाऊं नये. यंत्र नेण्या-आणण्याची वही ठेवावी. साखळीची धार, ताण आणि ब्रेक पाहिल्याची सही त्या वहींत व्हावी. बोथट साखळी माणसाला जोर करावयास लावते, आणि जोर केला कीं तोल जातो. म्हणून धारेची नोंद महत्त्वाची. ज्या सभासदांच्या घरीं स्वतःचीं यंत्रें आहेत त्यांनींहि आपापले गडी त्या शिकवणुकीच्या दिवशीं पाठवावे. त्या दिवसाची मजुरी मालकानें द्यावी, हें सांगावयास नको.

माझी करवत मंडळास वापरावयास देण्याची माझी तयारी आहे. शिकवणुकीचा दिवस ठरला कीं माझा तो जुना गडीहि येईल असें त्यानें कबूल केलें आहे. करवत तो धरणार नाहीं. पण कोयत्याचा हात आणि करवतीचा हात यांत फरक काय, हें तो शिकणाऱ्या पोरांस स्वतःचा डावा हात पुढें करून सांगणार आहे. पुढील मासिक सभेंत हा ठराव मीं मांडला कीं सभासदांनीं त्याला अनुमोदन द्यावें, आणि राबाचा हंगाम येण्यापूर्वीं तो अमलांत आणावा, एवढी माझी विनंती आहे.